सोमवारची फेरी

नऊ डिसेंबर, सोमवार. सकाळी मागच्या अंगणात मी अम्मांची गोधडी धूत होते. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. रात्री अंथरूण ओलं झालं होतं. ते आता रोजचंच. चादर असली तर बादलीत निघते. गोधडीला दगड लागतो, दोन्ही हात लागतात आणि भिजली की ती एकट्या बाईला उचलत नाही. आमचे हे पहिल्या जीपनं दुकानाचा माल आणायला हिंगोलीला गेले होते. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात आम्ही दोघीच. त्यात सकाळपासून मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं रबर सापडत नव्हतं, त्याच्यावाचून शेंगदाण्याची चटणी अर्धी ओट्यावर सांडली होती आणि माझं डोकं तापलं होतं. पुढे दिवसभर जे झालं, त्याची सुरुवात मी एका रबरासाठी चिडून केली होती, हे नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

आधीच सांगते, मी फार भाविक बाई नाही. नमाज पढते, रोजे ठेवते. पण कोणी चमत्काराच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवते. त्या दिवशी घडलं त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी क्रमानं सांगणार आहे, एवढंच.

आमचं घर मणियारांचं. गोरेगावात आमच्या कितीतरी पिढ्या बांगड्याच भरत आल्या. आता बाजारात लहानसं दुकान आहे, पण अम्मांच्या काळी फेरी असायची. वाराप्रमाणे गाव ठरलेलं. सोमवारी साखरा. बांगड्यांच्या लडी जुन्या सुती लुगड्यात बांधायच्या, गठुडं डोक्यावर घ्यायचं आणि पाऊलवाटेनं चालत निघायचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी दोन महिन्यांतच अम्मांनी मला बरोबर घेतलं. माझं माहेर वारंगा फाट्याजवळचं. तिथं हमरस्ता, ट्रकची वर्दळ, माणसं सतत कुठूनतरी कुठेतरी चाललेली. आणि इथं ही बाई मला तुरीच्या शेताशेतातून नेत होती, पुढे-मागे माणूस नाही, आणि मोकळ्या रानातसुद्धा मधूनच तिची हाळी चालू: "बांगड्याऽऽ भरा बांगड्या!" मी विचारलं, इथं ऐकायला आहे कोण? म्हणाल्या, "गला साफ रहता."

वाटेत एक जुनी विहीर लागायची. तिच्या कडेला बसून आम्ही भाकरी सोडायचो. साखऱ्यात शिरलं की पोरी आधी ओरडायच्या, "बीबी आली, बीबी आली!" आणि मग दारादारांतून बाया हात पुसत ओट्यावर यायच्या. अम्मांचं मराठी अस्सल इकडचं होतं. घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, पण ओट्यावर बसल्या की अम्मा साखऱ्याच्याच होऊन जायच्या. कोणाची सून नांदत नाही, कोणाची म्हैस आटली, सगळं माहीत. त्यांना तोंडं नीट आठवायची नाहीत, तेव्हाही नाही. हात आठवायचे. हात हातात घेतला की सांगायच्या, "तू पाटलाच्या धाकट्याची. बाळंतपणानं हात सुजलाय, दोन-सहाचं माप लागंल आता."

त्यांची एक पद्धत होती. हात धरायचा, पंजा आपल्या मुठीत दाबून मऊ करायचा, आणि बांगडी नेमकी अंगठ्याच्या हाडाशी अडली की विचारायचं, "माहेर कुठलं गं तुझं?" बाई उत्तर द्यायला लागली की बांगडी आत गेलेली असायची. मला वाटायचं, गप्पा मारायची खोड आहे. एकदा त्या विहिरीपाशीच त्यांनी मला समजावलं. माझ्या हातात भरताना दोन बांगड्या वाढल्या होत्या. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही. अम्मा म्हणाल्या, "दुल्हन, हात ढीला छोड. कडक हात में चूडी टूटती. माहेर का नाम निकला के हात अपने आप ढीला पडता." मग माझा पंजा हलवून हसल्या. "तेरा हात मायके के नाम से भी ढीला नहीं पडता. कैसी औरत है गे तू?"

बांगड्या भरून झाल्या की इकडच्या बाया मणियारणीच्या पाया पडतात. अम्मा दर वेळी पाय मागं घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मला नगं माय, त्याला पड." आणि बोट वर करायच्या. बाई हसायची, तरी पडायचीच. हे सगळं इतकं रोजचं होतं की ते कधी आठवण होईल असं मला वाटलं नव्हतं.

आजार हळूहळू आला. नमाज झाली की नाही हे विसरून अम्मा पुन्हा उभ्या राहायच्या. एका दुपारी तीनदा उभ्या राहिल्या, तर आम्ही म्हटलं, वय झालं, इबादत वाढली. मग एका सोमवारी साखऱ्यात ते झालं. मी बरोबर होते. एका बाईचा नवरा महिन्याभरापूर्वी गेला होता. अम्मा स्वतः तिला भेटून, रडून आल्या होत्या. त्या दिवशी ती ओट्याच्या कडेला नुसती येऊन बसली, तर अम्मांनी तिचा हात ओढून घेतला आणि हिरव्या बांगड्यांची लडी सोडली. "असा रिकामा हात बरा दिसतो का गं?" त्या बाईनं हात हळूच काढून घेतला आणि उठून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. अम्मा मला विचारत राहिल्या, "क्या हुआ? हात दुखाया क्या मैंने?"

त्या दिवशी मी फेरी बंद केली. गठुडं माळ्यावर टाकून वर दोन ट्रंका ठेवल्या, कारण घरीसुद्धा अम्मा काच हाताळताना बोटं कापून घ्यायच्या. आणि कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं की अम्मांचा गुडघा धरलाय.

या गुडघ्याच्या खोट्यावर मी तीन वर्षं काढली. हिंगोलीला एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आज वार कोणता, देश कोण चालवतो, असं ते विचारत राहिले. अम्मा त्यांच्या हाताकडे बघत होत्या. डॉक्टर स्वभावानं चांगले होते. निघताना म्हणाले, "तुमच्या समाजात एक बरं असतं, घरं भरलेली असतात. सांभाळायला माणसं खूप." मी मान डोलावली. माणसं खूप म्हणजे मी. हे दिवसभर दुकानात, मुलगा पुण्यात आणि नांदेडची नणंद फोनवर. नणंद म्हणायची, "भाबी, हमारे में ऐसी बात बाहर नहीं करते. मां को तमाशा नहीं बनाना." ती वाईट नाही. लांब आहे. कोणी म्हणालं ताईत बांधा, बांधला. कोणी म्हणालं दम करून, दुवा फुंकून पाणी पाजा, पाजलं. आमच्या लोकांना मी सांगू शकत नव्हते, कारण ते म्हणाले असते सून नीट बघत नाही. शेजारच्यांना सांगू शकत नव्हते, कारण ते म्हणाले असते यांच्यातली म्हातारी वेडी झाली. म्हणून मी दाराला बाहेरून कडी बसवून घेतली आणि दोन्हीकडे गुडघा सांगत राहिले.

अम्मा तोवर मला विसरल्या होत्या. सव्वीस वर्षं मी त्यांची दुल्हन होते. आता मी जेवण घेऊन गेले की मराठीत म्हणायच्या, "या बाई, बसा. हात द्या." मला गिऱ्हाईक समजायच्या. मी खरकटे हात पुढे कसे करू? म्हणायचे, "अम्मा, काम पडलंय." खरं सांगते, मला राग यायचा. ज्यांचं सगळं केलं त्यांनी मला ओट्यावर आलेली बाई समजावं, याचा राग. नमाज मी पढत होते, पण भाजी निवडावी तशी. दुवा मागणं केव्हा सुटलं ते कळलंच नाही.

तर त्या सोमवारी गोधडी वाळत घालायला मला पुढच्या कुंपणापर्यंत यावं लागलं. दोन्ही हातांत ओलं ओझं, दारातून बाहेर पडले, कडी लावायची राहिली. गोधडी पसरली, पिळली, पुन्हा पसरली. मागं जाऊन दगड धुतला. घरात आले तर अम्मांची खोली रिकामी होती. उशीचा अभ्रा नव्हता आणि पायातल्या चपला नव्हत्या.

आता यापुढची माझी चूक लिहिते. मी आधी मशिदीकडची गल्ली पालथी घातली. मग कब्रस्तानात गेले, कारण तिथं सासरे आहेत. मग गावाबाहेरच्या दर्ग्यावर. ह्यांना फोन केला, ते हिंगोलीहून निघाले आणि येता येता रस्त्यानं शोधत राहिले. जुम्म्याच्या दिवशी जिथं जिथं आमची माणसं भेटतात तिथं तिथं मी गेले, आणि ज्याला भेटले त्याला "अम्मा इकडं आल्या का" एवढंच सहज विचारत राहिले, जणू साखर मागायला आल्या असतील. आणि आमच्या दाराला लागून दार असलेल्या सुमनबाईंना मी विचारलंच नाही. त्यांना गुडघा सांगितला होता ना. गुडघेदुखीची म्हातारी हरवली कशी, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते? यात दुपारची नमाज होऊन गेली.

शेवटी सुमनबाईच समोरून आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "भाबी, काहून अशा फिरून राहिल्या उन्हाच्या?"

मी म्हटलं, "अम्मा दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत? अहो, दहा वाजताच दिसल्या की मला! गठुडं डोक्यावर, झपाझपा चालल्या होत्या. म्या म्हणलं, अम्मा, गुडघा बरा झाला वाटतं. तर म्हणल्या, सोमवार हाय, साखऱ्याला चालले. मला किती बरं वाटलं. म्या हे पोरीला बी सांगितलं, बीबी पुन्यांदा फेरीला लागली म्हणून."

पाच घरांनी अम्मांना जाताना पाहिलं होतं, हे नंतर कळलं. पाचही घरं खूश झाली होती. माझ्या खोट्यानं त्या सगळ्यांचे हात बांधून ठेवले होते, नाहीतर त्यांतलं कोणीही त्यांना दोन मिनिटांत धरून माझ्या दारात आणलं असतं. सोमवार आहे हे सगळ्या गल्लीला आठवत होतं. डोक्याचा आजार झालेल्या अम्मांना आठवत होतं. मलाच नव्हतं.

सुमनबाई बाजारात माणसं सांगायला धावल्या आणि मी साखऱ्याच्या वाटेला लागले. पाऊलवाट आता जवळजवळ मोडली आहे, सगळे जीपनंच जातात. रस्ता सोडून ती जिथं शेतात उतरते, तिथं एक चिंच आहे. तिथं पोचल्यावर मी दम घ्यायला खाली बसले. आणि मला ती विहीर आठवली. जिच्या कडेला आम्ही भाकरी सोडायचो ती. तिला कठडा नव्हता. तेव्हाही नव्हता.

चिंचेखाली बसले असताना माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मनात आलं, सुटले. आता गोधडी धुवायची नाही, कडी लावायची नाही. एखादा श्वास आत घ्यावा तेवढाच वेळ ते होतं. पण होतं. मग भीती वाटली, आणि ती विहिरीची नव्हती, माझी स्वतःची होती. अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ झाली होती. वजूचे हात-पाय धुतलेले नाहीत, खाली जायनमाज नाही, डोक्यावर पदर नीट नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "या अल्लाह, माझ्याच्यानं होत नाही. आत्ता काय मनात आलं ते तू ऐकलंस. मी चांगली बाई नाही. ते तुझं माणूस आहे, तू बघ." नवस बोलले नाही, काही कबूल केलं नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

किती वेळ बसले ते माहीत नाही, पण सावली फारशी हललेली नव्हती. रस्त्यानं येणारी एक जीप करकचून थांबली. ओळखीचा जीपवाला, आमच्या दुकानासमोर उभा असतो तो. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "भाबी, बसा लवकर. तुमच्या अम्मा धनगराच्या बाईपाशी हायेत. मेंढरू मांडीवर घेऊन बसल्यात."

शेताच्या बांधावर एक धनगरीण बसली होती, माझ्याहून थोडी लहान असेल. शेजारी एक मेंढी, आणि पलीकडे अम्मा. अंगावर त्या बाईचं घोंगडं, मांडीवर त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू, अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. समोर उशीचा अभ्रा उघडा पडला होता आणि त्यात माझ्या स्वयंपाकघरातली बरण्यांची झाकणं, पडद्याच्या कड्या, डब्याची चकती असलं सगळं गोल सामान नीट मांडून ठेवलं होतं.

"माय, तुमची हाय का ही म्हातारी?" धनगरीण म्हणाली. "बरं झालं आल्या. दुपारधरून माझा हात सोडंना. म्हणती, सवाष्णीचा हात असा रिकामा काहून?" मग हसत तिनं सगळं सांगितलं. त्यांचा कळप उजाडताच पुढच्या शिवारात निघून गेला होता. ही मेंढी वाटेतच अडली, म्हणून ती एकटी मागं राहिली. "अजून पंधरा दिस तरी व्यायची न्हवती बगा ही. आजच काय झालं तिला. कोकरू झालं, आन् म्या हात धुऊन राहिले, तर ही म्हातारी वरडत आली, बांगड्या भरा, बांगड्या भरा. मोकळं रान! घ्यायला कोण? मी आन् मेंढी." तिनं हातानं दाखवलं. "सरळ त्या विहिरीकडं चालली होती. म्या हाका मारल्या, ओ आजी, ओ मावशी, तिकडं नका. ऐकूच येईना तिला. मग म्या हात वर केला न् वरडले, बांगड्या भरायच्यात मलाऽऽ! तवा कुठं वळली."

विहीर तिथून दिसत होती. गवतानं कड झाकली होती. मी मोजली नाहीत पावलं. मोजायची गरज नव्हती.

मी तिला विचारलं, "तुला कसं सुचलं गं, बांगड्या भरायच्यात म्हणायचं?"

"काय की माय," ती म्हणाली, "हातच वर झाला."

नंतर ती रस्त्यावर येऊन जीप थांबवत राहिली होती. दोन थांबल्याच नाहीत. तिसऱ्याला तिनं सांगितलं, गोरेगावात मणियाराची म्हातारी हरवली का इचारा. बांधणी बघून तिनं ओळखलं होतं. अभ्र्याला अम्मांनी लडीच्या गठुड्यासारखी गाठ मारली होती.

मी अम्मांच्या समोर बसले. त्यांनी वर पाहिलं. ओळखलं नाही.

"या बाई," त्या म्हणाल्या, "हात द्या."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी हात पुढे केला. माझा हात रिकामाच होता. त्यांना अंघोळ घालताना बांगड्या वाढतात म्हणून मी घालणं सोडलं होतं. अम्मांनी पंजा मुठीत घेतला, दाबला, अंगठ्याचं हाड चाचपलं. त्यांच्या बोटांत पूर्वीचाच जोर होता.

"माहेर कुठलं तुमचं?"

"वारंगा फाट्याजवळचं," मी म्हटलं.

"व्हय का? आमची दुल्हन तिकडचीच हाय."

जीपवाला खाली मान घालून उभा होता. मी विचारलं, "कशी आहे तुमची दुल्हन?"

"कडक हाय." अम्मा हसल्या. पंजा दाबणं चालूच होतं. "लई कडक. पर समदं तीच करती माझं. न्हाऊ घालती, धुनं धुती. मला लाज वाटती हो बाई. सांगू कुणाला?" मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "तिला सांगू नगा, मी फेरीला आले म्हणून. घाबरती ती."

तेवढ्यात हातावरून काहीतरी सरकलं. मी खाली बघितलं. मिक्सरच्या भांड्याचं रबर माझ्या मनगटात बसलं होतं. अंगठ्याचं हाड ओलांडून ते केव्हा गेलं ते मला कळलंही नव्हतं.

"बसली बगा बराबर," अम्मा म्हणाल्या.

निघताना धनगरिणीनं अम्मांच्या पायाला हात लावला. तिच्या हातात बांगडी नव्हती, लोणच्याच्या बरणीचं झाकण होतं. तरी रीत ती रीत. अम्मांनी पाय मागं घेतले. "मला नगं माय," म्हणाल्या आणि बोट वर केलं, "त्याला पड." तीन वर्षांत मला विसरल्या, सासऱ्यांची कबर विसरल्या, नमाजच्या रकाती विसरल्या. हे नाही विसरल्या. मी त्या बोटाकडे बघत उभी राहिले. वर निरभ्र आभाळ होतं, दुसरं काही नाही. मला आणखी काही पाहिजेही नव्हतं. जीपमध्ये त्यांनी विचारलं, "साखरा झालं का?" मी म्हटलं, "झालं अम्मा, सगळ्यांचे हात भरले."

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात बांगड्यांची लडी घेऊन मी आणि हे तिथं जाऊन आलो. कळप कुठल्या बाजूला गेला ते कोणालाच सांगता आलं नाही. मेंढ्या वेळेआधी वितातच, हे मला माहीत आहे. बाई शहाणी होती, हेही माहीत आहे. मी कोणाशी वाद घालत नाही. मला फक्त एवढं दिसतं की तीन वर्षं मी सगळं घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ज्या घडीला माझा हात सुटला त्याच्या कितीतरी आधीच कोणीतरी त्या वाटेवर एक बाई मागं थांबवून ठेवली होती. आपण मागतो तेव्हा ऐकलं जातं, असं मी समजत होते. आता वाटतं, ऐकणारा आधीच कामाला लागलेला असतो, आपला हात कडक असतो म्हणून बांगडी अडते. माझा आजार नाही, अम्मांचा आहे, आणि तो बरा होणार नाही. गोधड्या धुवायच्या आहेतच. पण त्या धुताना आता मी एकटी नसते, एवढं मात्र बदललं. त्याचे उपकार मी कसे फेडू? फेडण्याची भाषाच चुकीची आहे बहुतेक.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, फजरला, पहाटेच्या नमाजला उठले. वजू करताना रबराखाली पाणी जाईना, तेव्हा ते मनगटातून काढलं, धुतलं आणि मिक्सरच्या भांड्याला लावून टाकलं. नमाजनंतर बऱ्याच दिवसांनी दुवेला हात उचलले आणि काही मागितलं नाही, नुसते धरून बसले. उजाडल्यावर ह्यांना माळ्यावर चढवून दोन्ही ट्रंका हलवायला लावल्या, गठुडं खाली घेतलं, तडकलेल्या बांगड्या निवडून टाकल्या. बाहेरची कडी मात्र मी स्वतः पेचकसानं काढली. मग अम्मांना स्वच्छ लुगडं नेसवलं, एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातात गठुडं घेतलं आणि शेजारी गेले.

सुमनबाई ओट्यावर भांडी घासत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "गुडघ्याचं खोटं होतं. अम्मांना विसरायचा आजार आहे. वाट चुकतात, माणूस ओळखत नाहीत. आता कुठं दिसल्या तर बसवून घ्या आणि मला हाक मारा."

सुमनबाईंनी राखेचे हात धुतले, पदराला पुसले, अम्मांसमोर मांडी घातली आणि हात पुढे केला.

अम्मांनी तो मुठीत घेतला. "माहेर कुठलं गं तुझं?" त्या म्हणाल्या.